कन्सॉलिडेशनचा प्रोग्रॅम रात्रभर का चालतो?

प्रश्न थोडक्यात असा: उरणजवळ कंटेनर यार्डासाठी ३ मीटर भराव टाकायचा आहे. खाली १२ मीटर मरीन क्ले (समुद्राकाठची मऊ चिकणमाती), तिच्या मधोमध अर्ध्या मीटरचा वाळूचा पट्टा. क्लेचा सीव्ही, म्हणजे जादा प्रेशर किती वेगाने विरतं तो गुणांक, वर्षाला १ चौरस मीटर. भाराखाली क्लेतलं पाणी हळूहळू निघून ती बसत जाते (कन्सॉलिडेशन), त्याचं टर्झागीचं समीकरण एक्सप्लिसिट फायनाइट डिफरन्सने (पुढच्या क्षणाचं प्रेशर थेट आताच्या प्रेशरवरून काढायचं) पायथनमध्ये लिहिलंय, जाळी ५ सेंटिमीटरची. नुसती क्ले असली तर उत्तर काही सेकंदांत येतं. वाळूला १,००० चा सीव्ही दिला की प्रोग्रॅम रात्रभर चालतो. बँड ड्रेन (पाणी बाहेर काढायला क्लेत उभ्या घुसवायच्या पट्ट्या) घ्यायचे तर थ्रीडी बायोट मॉडेल (माती आणि पाणी एकत्र सोडवणारं) लागेल असं ऑफिसात म्हणतात. तेही करून पाहिलं, पण पहिल्याच पायरीला पोअर प्रेशर (मातीच्या छिद्रांतल्या पाण्याचा दाब) वेडंवाकडं उड्या मारतं. कोणता सॉल्व्हर वापरू? जीपीयूवालं मशीन घेऊ का?

सॉल्व्हरचा यात फारसा दोष नाही, आणि मशीनचा तर अजिबात नाही. रात्र खाते ती काळाची पायरी.

एक्सप्लिसिट पद्धतीत सीव्ही गुणिले काळाची पायरी भागिले जाळीच्या अंतराचा वर्ग, ही संख्या ०.५ च्या वर गेली की उत्तर फुटतं. तुमच्या क्लेसाठी ही मर्यादा ०.००१२५ वर्ष येते, म्हणजे सुमारे ११ तास. ३० वर्षांसाठी २४,००० पायऱ्या. कोणताही लॅपटॉप हे करतो. वाळूचा सीव्ही हजारपट, म्हणून पायरी हजारपट लहान: ३९ सेकंद. ३० वर्षांसाठी २.४ कोटी पायऱ्या, प्रत्येक पायरीला २४० नोड, एकूण पावणेसहाशे कोटींच्या वर अपडेट. पायथनच्या साध्या लूपमध्ये, त्यातही दर नोडला गुणधर्म पुन्हा काढत असाल, तर रात्र जाणारच. गंमत अशी की वाळूला १,००० हा आकडा तुम्ही हात आखडूनच दिलाय. दहा उणे पाचवा घात मीटर प्रति सेकंद पर्मिएबिलिटी (पाणी झिरपू देण्याची क्षमता) असलेल्या साध्या वाळूचा सीव्ही वर्षाला काही लाख चौरस मीटर निघतो. तो प्रामाणिकपणे घातला तर पायरी सेकंदाच्याही आत येते आणि प्रोग्रॅम महिनाभरातही संपणार नाही. म्हणजे ज्या अर्ध्या मीटरात काहीच घडत नाही, जिथे प्रेशर जवळजवळ सपाट असतं, तो थर सगळ्या मॉडेलला आपल्या घड्याळावर चालवतोय.

कोड बदलण्याआधी बोअर लॉग (बोअरमध्ये सापडलेल्या थरांची नोंद) पुन्हा बाहेर काढा. तो वाळूचा पट्टा यार्डाच्या बाहेरपर्यंत, खाडीपर्यंत किंवा एखाद्या नाल्यापर्यंत सलग जातो का, की तो नुसता बंद खिसा आहे? सलग असेल तर मॉडेलमध्ये वाळू घालायचीच नाही. तिथे जादा प्रेशर शून्य ही सीमा द्यायची आणि वरची-खालची पावणेसहा मीटरची क्ले दोन स्वतंत्र गणितं म्हणून सोडवायची. बंद खिसा असेल तर तो एकाच प्रेशरचा एक नोड. दोन्ही बाजूंनी निचरा धरला तर ९० टक्के कन्सॉलिडेशनला टाइम फॅक्टर (सीव्ही गुणिले काळ भागिले निचऱ्याच्या मार्गाचा वर्ग) ०.८४८ लागतो. खिसा बंद असेल तर निचऱ्याचा मार्ग ५.७५ मीटर आणि काळ २८ वर्षं. पट्टा सलग असेल तर मार्ग निम्मा आणि काळ ७ वर्षं. २८ की ७ याचं उत्तर कुठल्याही सॉल्व्हरमध्ये नाही.

ओसाकाच्या खाडीतला कान्साई विमानतळ १९९४ साली सुरू झाला. तिथे वरच्या मऊ क्लेत सँड ड्रेन घालून तो थर बांधकामाच्या काळातच बराचसा बसवून घेतला. खालच्या खोल, जुन्या प्लाइस्टोसीन काळातल्या क्लेला मात्र हात लावता आला नाही आणि ती अजून बसतेच आहे. त्या खोल थरांमधले वाळूचे पट्टे पाणी कितपत बाहेर नेतात, हाच तिथल्या अंदाजांतला कळीचा मुद्दा राहिलाय. तुमचं काम त्यामानाने छोटं, पण प्रश्न तोच.

आणखी एक. मरीन क्लेच्या खाली तुम्ही झिजलेला बसाल्ट धरलाय आणि त्यातून पाणी जातं असं मानलंय. आपल्या या पट्ट्यात मरीन क्ले आणि खडक यांच्यामध्ये बऱ्याचदा पिवळट, कडक रेसिड्युअल क्ले (खडक जागीच झिजून झालेली) असते. ती असेल तर खालचा दरवाजा बंद. लॉगवर ‘यलोइश स्टिफ क्ले’ एवढंच लिहून पुढे गेलेले असतात, तिथे थांबा.

आता कोडकडे. बहुतेक जण समीकरण ‘सीव्ही गुणिले प्रेशरचा दुसरा डेरिव्हेटिव्ह’ असं लिहितात आणि थर बदलला की फक्त सीव्ही बदलतात. थरांच्या जमिनीत हे चुकीचं आहे, कारण सीमेवर सलग असायला हवा तो पाण्याचा प्रवाह, आणि प्रवाह ठरतो पर्मिएबिलिटीने. प्रत्येक कप्प्यात किती पाणी आलं, किती गेलं आणि कप्पा किती दबला, असा हिशेब मांडा. दोन कप्प्यांच्या मधल्या पर्मिएबिलिटीसाठी हार्मोनिक सरासरी घ्या. क्लेची ३ गुणिले दहा उणे दहावा घात मीटर प्रति सेकंद आणि वाळूची दहा उणे पाचवा घात, यांची साधी सरासरी वाळूच्या निम्मी येते. म्हणजे वाळूला लागून असलेला क्लेचा कप्पा क्षणात रिकामा होतो. हार्मोनिक सरासरी क्लेच्या दुप्पट येते, आणि खरी अडचण तिथेच असते. ही एक ओळ चुकलेली असेल तर पुढचं सगळं सुबक दिसतं आणि चुकतं.

मग इम्प्लिसिट पद्धत, म्हणजे पुढच्या क्षणाची सगळी प्रेशरं एकदम सोडवायची. दर पायरीला ट्रायडायगोनल समीकरणं (प्रत्येकात तो नोड आणि त्याचे दोन शेजारी एवढेच) सुटतात. थॉमसचा अल्गोरिदम २४० नोडसाठी दोनेक हजार गणिती क्रियांत काम संपवतो. पायथनच्या सायपाय लायब्ररीतला बँडेड सॉल्व्हर पुरेसा आहे. पूर्ण मॅट्रिक्स मांडून तिचा इन्व्हर्स काढू नका. मी पाहिलेल्या ‘संथ’ प्रोग्रॅमांपैकी निम्म्यांत ती ओळ असते.

इम्प्लिसिटमध्ये कोणती पद्धत, यावर पुस्तकं क्रँक-निकोल्सन सांगतात, कारण तिची अचूकता दुसऱ्या दर्जाची. पण भार टाकला त्या क्षणी आतलं प्रेशर ५५ किलोपास्कल आणि सीमेवर शून्य, अशी तुटक सुरुवात असते. पायरी मोठी घेतली की क्रँक-निकोल्सन हा धक्का विझवत नाही. चिन्ह उलटं करून पुढच्या पायरीला ढकलते. वाळूच्या नोडवर तर शेवटपर्यंत प्रेशर वर-खाली होत राहतं. त्यामुळे सरळ बॅकवर्ड ऑयलर (पहिल्या दर्जाची, पण धक्का विझवणारी पद्धत) वापरा. जास्त अचूकता हवीच असेल तर टीआर-बीडीएफ२ (दर पायरी दोन टप्प्यांत सोडवणारी, धक्काही विझवणारी पद्धत) घ्या, किंवा सुरुवातीच्या चार अर्ध्या पायऱ्या बॅकवर्ड ऑयलरच्या आणि मग क्रँक-निकोल्सन, ही राननाखरची युक्ती. तुमच्याकडे वाळू आहे, म्हणून मी दुसऱ्या पर्यायाच्या वाट्याला जाणार नाही.

खरी बचत पुढे आहे. कन्सॉलिडेशन सुरुवातीला काळाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतं आणि मग आणखी मंदावत जातं. पहिल्या आठवड्यात जेवढं घडतं तेवढं विसाव्या वर्षाच्या सहा महिन्यांतही घडत नाही. सारख्या मापाच्या पायऱ्या म्हणजे शेवटची २५ वर्षं फुकट मोजणं. पहिली पायरी ०.००१ वर्ष, म्हणजे पावणेनऊ तासांची घ्या आणि दर पायरी आधीच्या १.१ पट करत जा. ३० वर्षं ८४ पायऱ्यांत संपतात. २.४ कोटींच्या जागी ८४. यात शेवटी अंतिम सेटलमेंटच्या एखाद्या टक्क्याची चूक राहते. ती खटकत असेल तर पायऱ्या अर्ध्या करून एकदा पुन्हा चालवा आणि दोन उत्तरांतला फरक बघा. भराव टप्प्याटप्प्याने येणार असेल तर प्रत्येक टप्प्याला पायरी पुन्हा लहानापासून सुरू करायची, हे विसरू नका.

तुमचा पुढचा अडथळा गुणधर्म बदलण्याचा असेल. इफेक्टिव्ह स्ट्रेस (मातीच्या सांगाड्यावरचा ताण) प्रीकन्सॉलिडेशन प्रेशर (मातीने पूर्वी सोसलेला सर्वांत मोठा ताण) ओलांडतो तिथे क्लेची दबण्याची क्षमता एकदम वाढते आणि सीव्ही कोसळतो. वरच्या सुकलेल्या कवचात हे हमखास होतं. अशा वेळी एमव्ही (दर किलोपास्कलला माती किती दबते तो गुणांक) गुणिले स्ट्रेसमधला फरक असा हिशेब ठेवला तर पायरीच्या मध्ये वळण आलं की पाणी हरवतं. त्याऐवजी पायरीच्या सुरुवातीचा आणि शेवटचा व्हॉइड रेशो (छिद्रांचं घन कणांशी आकारमानाचं प्रमाण) थेट वक्रावरून काढा आणि त्यांची वजाबाकी समीकरणात घाला. न्यूटनची पद्धत वळणावर अडकली तर पायरी अर्धी करून पुन्हा प्रयत्न, एवढं नियंत्रण पुरतं. तपासणी सोपी आहे: कप्प्यांच्या दबण्याची बेरीज आणि सीमांमधून बाहेर पडलेलं पाणी जुळायला हवं. एमव्ही हजारात एक प्रति किलोपास्कल, भार ५५, क्ले साडेअकरा मीटर, तर अंतिम सेटलमेंट सुमारे ०.६३ मीटर. म्हणजे दर चौरस मीटरमागे ०.६३ घनमीटर पाणी निघालं पाहिजे. दोन आकड्यांत १ टक्क्याचाही फरक दिसला तर आलेख रंगवत बसू नका, कोड उघडा.

जाता जाता: भराव ६० सेंटिमीटर बसला की त्याचा तेवढा भाग पाण्याखाली जातो आणि सुमारे ६ किलोपास्कल भार कमी होतो. ५५ मधले ६ हे दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. मागच्या पायरीच्या सेटलमेंटवरून भार कमी करत गेलात तरी चालतं.

आता बँड ड्रेन. ‘ड्रेन आले म्हणजे थ्रीडी’ हा गैरसमज फार पसरलाय. १०० मीटर बाय १०० मीटरच्या यार्डात १.२ मीटर अंतराने त्रिकोणी मांडणी केली तर सुमारे ८,००० ड्रेन बसतात. प्रत्येकाभोवती जाळी घालायला गेलात तर कुठलंही मशीन पुरणार नाही, आणि त्याची गरजही नाही. बॅरनने १९४८ मध्ये आणि हान्सबोने १९८१ मध्ये एका ड्रेनच्या वाट्याच्या दंडगोलाचं गणित सोडवून ठेवलंय. त्याचा अर्थ इतकाच की तुमच्या वन-डी समीकरणात एक पद वाढतं: प्रत्येक खोलीवर सरासरी प्रेशर एका ठरावीक दराने ड्रेनमध्ये झिरपतं. दर म्हणजे ८ गुणिले सीएच (आडव्या निचऱ्याचा सीव्ही), भागिले एफ (ड्रेनचं अंतर आणि भोवतीची मळलेली माती यांवरून ठरणारा गुणक) गुणिले प्रभावक्षेत्राच्या व्यासाचा वर्ग. मॅट्रिक्समध्ये फक्त डायगोनलवर एक संख्या मिळवायची. थॉमसला कळतही नाही.

तुमच्या आकड्यांवर करून दाखवतो. १०० बाय ४ मिलिमीटरच्या ड्रेनचा समतुल्य व्यास ६६ मिलिमीटर, प्रभावक्षेत्र १.२६ मीटर, गुणोत्तर १९. स्मिअर (ड्रेनभोवती मळलेली माती) नाही असं धरलं तर एफ २.१९ येतो. सीएच वर्षाला २ चौरस मीटर धरला तर ९० टक्के निव्वळ आडवा निचरा सहा महिन्यांत. आता मँड्रेल (ड्रेन आत नेणारी पोलादी नळी) घुसवताना भोवतीची माती मळली जाते हे धरा: मळलेला भाग ड्रेनच्या अडीचपट व्यासाचा, त्यातली पर्मिएबिलिटी एक तृतीयांश. एफ एकदम ४.०३ वर जातो आणि काळ ११ महिन्यांवर. स्मिअरच्या एका गृहीतकाने पाच महिने इकडचे तिकडे झाले. हे पद घातल्यावरचा प्रोग्रॅम डोळ्याचं पातं लवायच्या आत चालतो, तेव्हा त्याचा उपयोग करा: सीएच, स्मिअरचं गुणोत्तर, प्रीकन्सॉलिडेशन प्रेशर यांना वाजवी पल्ल्यात फिरवून हजार वेळा चालवा. क्लायंटला एक रेघ देण्याऐवजी पट्टा द्या. वेगवान सॉल्व्हर लागतो तो यासाठी. आणि ड्रेन वाळूच्या पट्ट्यातून आरपार जाणार असतील तर तो पट्टा आपोआप ड्रेनना जोडला जातो, मग ‘बंद खिसा’ हा प्रश्नच बराचसा उरत नाही.

थ्रीडी, निदान टूडी, बायोट लागतं ते वेगळ्या कारणांनी: भरावाच्या पायथ्याशी माती बाजूला सरकते का, शेजारच्या जेट्टीच्या पाइलवर आडवा दाब येतो का, भराव भरभर चढवला तर घसरेल का. माती आणि पाणी एकमेकांवर परिणाम करतात हे बायोटने १९४१ मध्ये मांडलं, आणि त्याचा एक परिणाम साध्या डिफ्यूजनमध्ये कधीच दिसत नाही: कडेची माती आधी आकसल्याने मधलं प्रेशर कमी होण्याआधी सुरुवातीच्या मूल्याच्याही वर जातं. मँडेलने १९५३ मध्ये दाखवलेला हा फुगवटा तुमच्या थ्रीडी प्रोग्रॅममध्ये येतो का, ही माझी पहिली परीक्षा असते. येत नसेल तर तो प्रोग्रॅम नावालाच बायोट.

तुमच्या उड्या मारणाऱ्या प्रेशरला दोन कारणं संभवतात. एक, मातीचं विस्थापन आणि प्रेशर दोन्हींना एकाच दर्जाचे घटक (फायनाइट एलिमेंट) दिलेत. पहिल्या क्षणी पाणी बाहेर पडलेलं नसतं, माती जवळजवळ न दबणारी असते, आणि अशा जोडीला ते झेपत नाही. विस्थापनाला वर्गीय आणि प्रेशरला रेषीय, म्हणजे टेलर-हूड जोडी घ्या. दोन, पायरी फार लहान आहे. हो, लहान. फर्मीर आणि फेर्राइट यांनी १९८१ मध्ये दाखवलं की रेषीय घटकांत पायरी जाळीच्या अंतराच्या वर्गाला सहा सीव्हीने भागून येणाऱ्या मूल्यापेक्षा लहान घेतली की निचऱ्याच्या सीमेजवळ प्रेशर डुलू लागतं. तुमची थ्रीडीतली जाळी अर्ध्या मीटरची, म्हणजे किमान पायरी १५ दिवसांची. तुम्ही एका दिवसाच्या घेताय. उपाय पायरी आणखी कमी करण्याचा नाही, जो प्रत्येक जण आधी करतो. वरच्या-खालच्या सीमेजवळ जाळी १० सेंटिमीटरची करा, मर्यादा १५ तासांवर येते. वर्गीय घटकांना हा आकडा थोडा बदलतो, धडा तोच.

समीकरणं सोडवण्याचं म्हणाल तर टूडीमध्ये डोळे मिटून स्पार्स डायरेक्ट सॉल्व्हर वापरा, पार्डिसो किंवा मम्प्स. मॅट्रिक्सचं फॅक्टरिंग महाग, नंतरचं बॅक-सबस्टिट्यूशन स्वस्त. इथे दर पायरी १.१ पट करण्याची युक्ती अंगाशी येते, कारण पायरी बदलली की मॅट्रिक्स बदलते. म्हणून दहा पायऱ्या एकाच मापाच्या, मग दुप्पट, पुन्हा दहा. माती रेषीय असेल तर दहा पायऱ्यांना एकच फॅक्टरिंग पुरतं.

थ्रीडीत डायरेक्ट सॉल्व्हरचा दम लवकर संपतो. जाळी तिन्ही दिशांना दुप्पट बारीक केली तर अज्ञातं ८ पट, पण फॅक्टरिंगचा वेळ सुमारे ६४ पट आणि मेमरी १६ पट. आधी मेमरीच संपते. अज्ञातं काही लाखांच्या पुढे गेली की इटरेटिव्ह पद्धतीकडे वळावं लागतं, आणि तिथे सगळा खेळ प्रीकंडिशनरचा (समीकरणं आधी सोपी करून देणाऱ्या मॅट्रिक्सचा). कच्च्या मॅट्रिक्सवर मिनरेस ही इटरेटिव्ह पद्धत लावाल तर ती हजारो फेऱ्या मारून तिथेच राहील, कारण एका बाजूला हजारांतली स्टिफनेस आणि दुसऱ्या बाजूला दहा उणे दहाव्या घातातली पर्मिएबिलिटी. आधी प्रेशरचं माप बदलून दोन्ही भाग एका पातळीवर आणा. मग मातीच्या भागाला अल्जेब्रेइक मल्टिग्रिड, आणि प्रेशरच्या भागाला पर्मिएबिलिटीची मॅट्रिक्स अधिक मातीच्या मॉड्युलसने भागलेली मास मॅट्रिक्स. फून आणि तोह यांच्या सिंगापूरच्या गटाने २००२ च्या सुमारास याच कल्पनेचं नुसत्या डायगोनलवर चालणारं रूप बायोटसाठी मांडलं. लिहायला ते सर्वांत सोपं आहे, तिथून सुरुवात करा.

माती एकदा आणि पाणी एकदा असं आळीपाळीने सोडवायचा मोह होईल, कारण दोन तयार प्रोग्रॅम जोडता येतात. त्यात आधी स्थिर प्रेशरने माती, मग पाणी, हा ड्रेन्ड स्प्लिट मऊ क्लेत चालतच नाही. पाण्याचा बल्क मॉड्युलस २.२ गिगापास्कल, तो सच्छिद्रतेने भागला तर साडेतीनच्या वर. क्लेच्या सांगाड्याचा १ मेगापास्कलच्या आसपास. हे गुणोत्तर १ च्या खाली असेल तरच तो स्थिर राहतो. आपल्याकडे ते ३,५०० च्या पुढे. किम, चेलेपी आणि हुआनेस यांनी २०११ मध्ये तपासलेला फिक्स्ड-स्ट्रेस स्प्लिट (आधी ताण स्थिर धरून पाणी, मग माती) कायम स्थिर राहतो, पण इतक्या मऊ मातीत एकटा वापरला तर फेऱ्या बऱ्याच घेतो. तो प्रीकंडिशनर म्हणून वापरा.

राहिला जीपीयू. वन-डी प्रोग्रॅमला त्याचा काही उपयोग नाही, ८४ पायऱ्यांना कसला जीपीयू. टूडीच्या डायरेक्ट सॉल्व्हरला जास्त रॅम कामाला येते. मशीनचं बजेट मंजूर झालंच असेल तर त्यातला काही भाग पायझोमीटरकडे (जमिनीतल्या पाण्याचा दाब मोजणारं उपकरण) वळवता येतो का ते विचारा: एक वाळूच्या पट्ट्यात, एक त्याच्या वरच्या क्लेच्या मध्यावर, आणि दोन्ही ड्रेन घालण्याआधी. भरावाचा पहिला मीटर चढला की भार १८-१९ किलोपास्कलने वाढतो. वाळूतला पायझोमीटर भरती-ओहोटीचा फरक वजा करून जागचा हलला नाही तर पट्टा सलग आहे. तोही क्लेतल्या पायझोमीटरसारखा १५ किलोपास्कलच्या वर जाऊन तिथेच बसला तर खिसा बंद आहे, आणि मॉडेलमध्ये एक नोड ठेवावा लागेल.